ऐंशीच्या पुढे

काटा ऐंशीच्या पुढे गेला की आमची गाडी थरथरायची. ऐंशीच्या आत अगदी शहाण्यासारखी. गावातल्या गल्लीत, ढाणकीच्या बाजारात, वावराकडच्या चाकोरीत कुठेही न्या, कुरकुर नाही. हमरस्त्याला लागून जरा पाय दाबला की मात्र आधी स्टेअरिंग तळहाताला गुदगुल्या करायचं. मग गुदगुल्यांच्या मुंग्या व्हायच्या आणि मग समोरच्या काचेपासून शेजारी बसलेल्या बाईच्या कानातल्या डुलांपर्यंत सगळं हलायला लागायचं.

पहिल्यांदा हे झालं ते महालक्ष्म्यांच्या तोंडावर. शेजारच्या निकिताला आर्णीहून, तिच्या सासरहून घेऊन येत होते. निकिता हसरी पोरगी. घरी उतरल्या उतरल्या तिनं आईला सांगितलं, "काकूच्या गाडीत बसलं का मालिश फुकट भेटते." ती गमतीत म्हणाली, पण गावाला गंमत कळत नाही असं नाही, गावाला ती पुढे ढकलायची असते. संध्याकाळपर्यंत 'तानाबाईची गाडी हलते' असं झालं होतं. दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर मला ऐकू आलं ते असं : 'तानाबाई गाडी हलवते.'

आता मुद्दा असा की मी नुसती गाडी चालवत नव्हते. मी मुराळी होते.

आमच्याकडे लेकीला सासरहून सणाला आणायला मुराळी जातो. भाऊ, बाप, काका, घरचा कुणीतरी पुरुष. पण हल्ली भाऊ पुण्याला कंपनीत, बाप फवारणीत, काका बोलत नाहीत. लेकी पिशवी भरून ओट्यावर बसलेल्या असतात आणि आणायला कुणी नसतं. सोयाबीन निघून मोकळ्या झालेल्या वावरात मी गोल गोल फिरून गाडी शिकले. फोनवर व्हिडिओ बघून शिकले, लायसन काढलं. तेव्हा निकिताची आईच पहिल्यांदा आली होती, "तानाबाई, तूच जाय व माय मुराळी." मी गेले. निकिताच्या सासऱ्यांनी गाडीच्या पुढे पाहिलं, मागे पाहिलं, पुरुष कुठे आहे म्हणून. लाज वाटली नसती तर डिकीही उघडून पाहिली असती. मी म्हटलं, "मीच आहो मुराळी. चहा टाका." त्यांनी टाकला. तेव्हापासून आसपासच्या गावांतल्या आया मला सांगायला लागल्या. डिझेल त्यांचं, वर ओटी आणि पुरणपोळी.

आता गाडी हलायला लागल्यावर हे सगळंच हलायला लागलं.

गाडी माझ्या सासऱ्यांची. सदाशिवराव. मी त्यांना मामाजी म्हणते. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा त्यांनी बांड्या आणि कोसा ही बैलांची शेवटची जोडी विकली आणि त्यात भर घालून ही सेकंडहँड पांढरी गाडी घेतली. घेतली तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, "हे ओढते कोन्या चाकानं व?" मी सांगितलं, पुढच्या दोन चाकांनी. त्यांनी मान हलवली. तेव्हापासून ते पोळ्याला गाडीचा पोळा करतात. बॉनेटवर झूल टाकतात, आरशांना माटाट्या, बैलांच्या कपाळावरचे गोंडे, बांधतात. यंदा त्यांनी पुढच्या दोन चाकांना शिंगांचा लाल रंगही दिला होता. मागची दोन चाकं तशीच, करडी. लोक हसायचे. मला ती लाल चाकं आवडायची. दुरून गाडी ओठ रंगवल्यासारखी दिसायची.

धाकटा दीर नयन याचं ढाणकीत खता-बियाण्याचं दुकान. त्याला दुकानासाठी पिकअप पाहिजे होती हे मला माहीत होतं, पण तो तसं म्हणत नव्हता. तो म्हणत होता, "बाबा, चेसिस वाकली असंल. वयनीनं खड्ड्यात आदळली असंल कुठं तरी. आता हे इकून टाकलेलीच बरी. उमरखेडचा राजकुमार घेतो म्हनते, जशी आहे तशी."

"आदळली असती तं मीच सांगितलं असतं नयनभाऊ," मी म्हटलं. "अन् गाडीनंबी सांगितलं असतं. पत्रा बोलते."

"मंग हालते कायनं?"

मामाजी सुपारी कातरत होते. ते म्हणाले, "बिचकनारं जनावर म्या कधी दावनीले ठेवलं नाई. एकडाव बिचकलं का ते बिचकतेच. अन् बाईच्या हाताले जनावर वळखते."

"गाडी जनावर नाही मामाजी."

"सारखंच हाय."

आमचे हे एसटीत कंडक्टर. रविवारी घरी आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाबाची गाडी हाय, बाबा म्हनतीन तसं." आणि पाठ फिरवून झोपले. आयुष्यभर घंटी वाजवून दुसऱ्याला गाडी न्यायला सांगणारा माणूस, त्याच्याकडून मी तरी काय अपेक्षा ठेवावी.

राजकुमार पुढच्या सोमवारी यायचा ठरला.

नाल्यापलीकडच्या तांड्यात माझी मैत्रीण राहते, जमनी. नवरा गेला, एकच लेक, पायल. पायल बोरी अरबकडच्या एका तांड्यात दिली आहे. दसऱ्याला तिला आणायचं माझं नक्की होतं. तेवढ्यात जमनी पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "याह्याचा, पायलच्या सासऱ्याचा फोन आलता. म्हनते, हलत्या गाडीत सून पाठवनार नाई. माणूस पाठवा म्हनते."

"मंग तू काय म्हनली?"

"म्या म्हनलं, मी काय म्हैस हाय का?" जमनी खाली बसली. "पन तानाबाई, सोमवारी गाडी गेली तं पोरगी येत नाई व. याडी याडी म्हून मायले हाका मारून राह्यली फोनवर."

तेव्हा मी ठरवलं. गाडी विकली जायची असेल तर जाईल, पण माझ्या हाताचं नाव लावून नाही.

आधी ढाणकीच्या मेकॅनिककडे नेली. त्यानं बाजारातून एक चक्कर मारली, बॉनेट उघडलं, बंद केलं आणि म्हणाला, "काईच नाई ताई. वहम हाय."

"ऐंशीच्या पुढं हालते भाऊ. तुम्ही वीसनं चालवली."

"ढाणकीत ऐंशीनं चालवू? केळेवाल्यावर नेऊन घालू?"

त्याचंही बरोबर होतं. दुखणं असं की ते डॉक्टरच्या दारात गेल्यावर थांबायचं.

मग जो तो औषध सांगायला लागला. कुणी म्हणालं इंजिनाचे रबर गेले, कुणी म्हणालं ब्रेकची चकती वाकडी झाली, गिरणीवाल्यानं लिंबू-मिरची बदलायला सांगितली. मी लिंबू-मिरची बदलली. एवढ्याशा गोष्टीसाठी कुणाशी वैर कशाला. पण मग मी विचार केला, सगळ्यांना विचारून झालं, गाडीला कुणीच विचारलं नाही. माणसाला आपण विचारतो ना, कधी दुखते, कशानं वाढते, कशानं थांबते? तसं विचारू.

शनिवारी दुपारी जमनीला मागच्या सीटवर बसवलं आणि हमरस्त्याला लागले. रस्ता रिकामा होता. आरशात पाहिलं, मागे कुणी नव्हतं. ऐंशी केले. हात थरथरायला लागले. तसंच पाय उचलून गिअर काढला, न्यूट्रल केलं. इंजिन पार खाली बसलं, नुसतं गुरगुरत राहिलं. गाडी आपल्या वेगानं धावत होती आणि थरथर होती तशीच. म्हणजे इंजिन सुटलं. त्याच्यावरचा आळ खोटा.

पुन्हा वेग धरला आणि ब्रेक हळू दाबत आणला. ब्रेकची चकती वाकडी असती तर दाबल्यावर थरथर वाढली असती, पॅडलनं पायाला ठोकलं असतं. तसं काहीच झालं नाही. ब्रेकही सुटला.

"जमने, तुले कुठं लागते?"

"मले?" जमनीनं डोळे मिटून विचार केला. "मले बुडाले काईच नाई. समोरच्या सीटले हात लावला तं हात हालून राह्यला."

म्हणजे दुखणं पुढे होतं. पुढे म्हणजे चाकात, नाहीतर चाकाच्या मागच्या दांड्या-जोडण्यांत. चाकात असेल तर चाकाबरोबर जाईल. दांडीत असेल तर चाक बदललं तरी तिथंच राहील. एवढं मला व्हिडिओवाल्यानं नाही सांगितलं. हे मला घरातलं कळत होतं. भांडण सुनेत आहे की घरात आहे हे बघायचं तर सुनेला आठ दिवस माहेरी पाठवून बघायचं. इथे माहेर म्हणजे मागची बाजू.

रस्त्याकडेला एक धाबा होता, समोर सपाट मुरूम. तिथे गाडी लावली. जॅक काढला, पाना काढला, स्टेपनी काढली. धाब्यावरचे चार पुरुष चहा सोडून आले.

"ताई, पंक्चर झाली का?"

"नाही."

"मंग चाक काहून काढून राह्यल्या?"

"हवा खायले घालायचं हाय."

एकजण काळजीनं म्हणाला, "मिस्टर कुठं हायत तुमचे?"

"बसमध्ये तिकिटं फाडून राह्यले. बोलवू का?"

पुढच्या चाकाचे नट ढिले होईनात. पाना आडवा लावला आणि जमनी त्यावर उभी राहिली, एका हातानं माझा खांदा धरून. एक झटका दिला, नट करकरला आणि सुटला. पुरुषांपैकी एकानं पुढे येऊन हात लावायला पाहिलं. जमनी पान्यावरून उतरलीच नाही. "तुमी चहा प्या भाऊ. थंडा होते."

स्टेपनी आधी पुढे लावली, तिथलं लाल चाक मागे नेलं, मागचं करडं चाक पुढे आणलं. मग दुसरी बाजू. स्टेपनी बिचारी मधल्या पाहुणीसारखी इथून उठ, तिथं बस करत राहिली. जॅक दर वेळी गाडी खाली आणून काढायचा, पुन्हा लावायचा, नट आधी हातानं फिरवायचे, चाक टेकल्यावर आवळायचे. घाई केली तर चाक वाकडं बसतं. आम्ही घाई केली नाही. माझ्या साडीच्या निऱ्यांना ग्रीस लागलं ते अजून आहे. शेवटी लाल चाकं मागे गेली, करडी पुढे आली. एक म्हातारा लांबून म्हणाला, "हे कायचा नवस हाय बाप्पा?"

पुन्हा हमरस्ता. साठ, सत्तर, ऐंशी. स्टेअरिंग गप्प. एखादं झोपलेलं पोर हातात असावं तसं. तेवढ्यात मागून जमनी ओरडली.

"आलं व तानाबाई! आता माझ्या बुडाखाली आलं!"

मी एवढी हसले की वेग कमी करावा लागला. जमनी मागे बसून सीट दोन्ही हातांनी धरून हालत होती आणि तिचा आनंद मावत नव्हता. दुखणं लाल चाकांबरोबर मागे गेलं होतं. गाडी वाकली नव्हती, दांडी वाकली नव्हती. मी आदळली नव्हती. दोष त्या दोन चाकांत होता आणि चाकांतच होता.

तशीच उमरखेडला नेली. तिथे अश्वजितचं टायरचं दुकान आहे, चाक तोलायचं यंत्र आहे. मी त्याला सांगितलं, दुखणं मागच्या लाल चाकांत आहे, पुढची सोडून दे. त्यानं एकदा माझ्या निऱ्यांकडे पाहिलं, एकदा चाकांकडे.

"तुम्ही बदलली?"

"आम्ही दोघीनं."

"जॅक ठेवताना हँडब्रेक लावला होता का?"

"लावला होता. चाकाले दगडबी लावले होते."

"मंग ठीक." त्यानं लाल चाक काढलं. आतल्या पोटात आमच्या वावराची काळी माती वाळून बसली होती, ती पान्यानं खरवडून काढली. मग चाक यंत्रावर चढवून फिरवलं. पडद्यावरचा आकडा बघून त्यानं पुन्हा फिरवलं, मग वाकून चाकाची कड बोटानं चाचपली. दुसरं लाल चाक आणलं, त्याचीही चाचपली.

"ताई, याचे वजन कुठं गेले?"

"कायचे वजन?"

त्यानं मला पुढच्या करड्या चाकापाशी नेलं. चाकाच्या कडेला, आतल्या बाजूनं एक शिशाचा चपटा करडा तुकडा चिकटून बसलेला होता, नखाएवढा. थोड्या अंतरावर अजून एक. "कोनतंच चाक सगळ्या बाजूनं सारखं जड नसते. जिकडं हलकं असते तिकडं हे लावते. हे नसले तं हळू चालवताना समजत नाई, पन जोरात फिरलं का जड बाजू चाकाले ओढते. म्हून ऐंशीच्या पुढं. या दोन चाकांचे कोनी तरी काढून टाकले. हे पाहा, पकडीचे ओरखडे हायत. त्याच्यावरून रंग मारला."

मी त्या करड्या तुकड्याकडे बघत राहिले. करडा, गुळगुळीत, कडेला घट्ट धरून बसलेला. आणि मला पोळ्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ डोळ्यासमोर दिसली.

आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी करतात. खांद्याला तूप-हळद चोळतात, अंग धुतात, कानामागचे, जांघेतले गोचीड वेचतात आणि म्हणतात, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मामाजी पुढच्या चाकापाशी पोतं टाकून बसले होते. दुखऱ्या गुडघ्यानं, एक पाय लांब करून. हातात पकड. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "इतके गोचीड झाले इले, कोनी पाहातच नाई." मला वाटलं, मातीचे गोळे काढत असतील. चहा ठेवून मी पुरणाच्या डाळीकडे गेले. ओढणारी चाकं पुढची, म्हणजे बैल तीच. मागची चाकं म्हणजे बंडी, नुसती बैलगाडी. बंडीचे गोचीड कोण काढतं? त्यांनी प्रेमानं, निगुतीनं, फक्त बैलांचे काढले होते.

मी तिथल्या एका जुन्या टायरवर बसले आणि हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. अश्वजित घाबरला. "काय झालं ताई?"

"काई नाही. आमच्या बैलाचे गोचीड काढले घरच्यायनं."

मग त्याला आणि जमनीला मी दोन वाक्यांत सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "आमच्या बाबानंबी ट्रॅक्टरच्या सायलेन्सरले तेल लावलं होतं पोळ्याले. दिवसभर धूर." आणि वजनं लावायला बसला. थोडं इकडे, थोडं तिकडे, पुन्हा फिरव. आकडा शून्यावर आला तेव्हा त्यानं पडदा माझ्याकडे वळवला. लाल चाकं पुन्हा पुढे बसवली, जशी मामाजींना हवी तशी.

येताना नव्वद केले. गाडी अशी चालली की जमनीला झोप लागली. फाट्यावर जागी झाली तेव्हा म्हणाली, "म्हाताऱ्याले सांगू नको व. वाईट वाटंन त्यायले."

"मले वाईट वाटलं तं गावाले चाललं ना?"

"तरीबी."

"नाही जमने. मी कोनाच्या नावानं खोटं बोलणार नाही अन् माझ्या नावानं बोलू देणार नाही. तू सोमवारी पिशवी घेऊन फाट्यावर उभी राहाय. व्यवहार होवो, ना होवो, आपण पायलले आणाले जाऊन राह्यलो."

"अन् गाडी इकली तं?"

"आधी मले उतरवावं लागंल."

सोमवारी राजकुमार आला. कडक इस्त्रीचा शर्ट, टायरला बुटाची ठोकर मारायची सवय. लाल चाकं बघून हसला. "हे काय, लिपस्टिक?" मामाजींचा चेहरा उतरला. नयन म्हणाला, "जशी हाय तशी दाखवतो साहेब. ऐंशीच्या पुढं थोडी हालते, लपवून ठेवत नाई."

"मी दाखवते," मी म्हटलं आणि चालकाच्या जागेवर बसले. "बसा सगळे. मामाजी, तुम्ही समोर."

नयननं बापाकडे पाहिलं. मामाजी बसले. दुसरे दोघे मागे. हमरस्त्याला लागले, पाय दाबला. साठ. सत्तर. मामाजींनी उजवा तळवा समोरच्या डॅशबोर्डवर ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि वाट बघायला लागले. ऐंशी. पंच्याऐंशी. नव्वद. त्यांची बोटं पसरली, पुन्हा जुळली. गाडी नुसती वाहत होती. बाजूनं पऱ्हाटीचे हिरवे पट्टे सरकत होते आणि मी आरशात मागच्या सीटवरच्या नयनला बघून घेतलं.

"कुठं हालते?" राजकुमार म्हणाला. "हे तं एक नंबर गाडी हाय. नयनभाऊ, तुम्ही भाव पाडाले सांगत होते का चढवाले?"

मामाजींनी हात उचलला नाही. "काय होतं इले?" त्यांनी मला विचारलं.

मी रस्त्यावरून नजर काढली नाही. "मामाजी, पोळ्याले तुम्ही पुढच्या चाकाचे गोचीड काढले ना? ते गोचीड नव्हते. चाकाचं वजन होतं. चाक तोलाले लावते. ते नसलं का जोरात चालवल्यावर गाडी हालते."

मागून नयन हसला. मोठ्यानं. "बाबा! तुम्ही गाडीचे गोचीड..."

"हासू नका," मी म्हटलं. "त्यायनं हात तं लावला गाडीले. गुडघा मोडून बसले तिच्यापाशी. तुम्ही कधी बादलीभर पाणी मारलं का हिच्यावर?"

मामाजींनी डॅशबोर्डवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"मंग मले काहून नाई सांगतलं कोनी," ते म्हणाले, "का चाकाले वजन असते म्हून?"

"मलेच शनिवारी समजलं. पण गावानं तं आधीच ठरवलं, तानाबाई हलवते म्हून. तुम्हीबी म्हनले."

"म्हनलो," मामाजी म्हणाले. एवढंच. त्यापुढे काही जोडलं नाही. मला तेवढं पुरलं असं नाही, पण मी ते घेतलं.

पुढे मोकळी जागा बघून गाडी वळवली आणि परत फाट्याशी आणून एसटीच्या थांब्यापाशी लावली. जमनी पिशवी घेऊन उभी होतीच. राजकुमार म्हणाला, "चला मंग, व्यवहार करून टाकू. आजच घेऊन जातो."

नयननं मागून हात पुढे केला. "वयनी, चावी द्या."

"चावी देत नाही."

"गाडी बाबाच्या नावावर हाय."

"माहीत हाय. बाबा बसले इथं. त्यायनं मागावी. ते मागतीन तं मी आत्ता उतरते अन् पायी घरी जाते. पण आधी सांगावं, गाडी कायले इकून राह्यले? हालत नाही ती आता."

सगळ्यांनी मामाजींकडे पाहिलं. मी स्टेअरिंगवरचे हात काढले नाहीत.

मामाजी मागे न वळता म्हणाले, "नयन, बिचकली म्हून इकाले निघालो होतो. हे तं बिचकलीच नाई."

"बाबा, पिकअप..."

"तुले पिकअप पायजे तं तसं म्हन. पाहू. वयनीच्या हाताले बोल कायले लावतं?"

मी मागे वळून म्हटलं, "आम्ही बोरी अरबकडं चाललो. ज्याले गाडी इकायची हाय त्यानं इथंच उतरावं. एसटी येतेच आता. सुटे पैसे ठेवा, तुमच्या भावाची ड्युटी असली तं ते नोट घेत नाहीत."

राजकुमार आधी उतरला, लाल चाकाला ठोकर न मारता. नयन बसून राहिला, मग तोही उतरला. दार त्यानं आपटलं नाही, हळूच लावलं. एवढं त्याचं मला कळलं. जमनी त्याच्या जागेवर बसली आणि पिशवी मांडीवर घेतली.

मामाजी उतरले नाहीत.

"तुम्हाले घरी सोडू?" मी विचारलं.

"कायले? म्याबी येतो."

जमनी मागून खुशीत म्हणाली, "बरं झालं! याह्यानं माणूस पाठवा म्हनलं होतं. आता माणूस हाय आपल्यासंगं."

"माणूस हाय, पण मुराळी नाही," मी म्हटलं. "मामाजी, तिथं गेल्यावर तुम्ही आधी उतरायचं नाही. मी उतरन, मी रामराम करन. कोनी तुमच्याकडं पाहून बोललं तं माझ्याकडं बोट दाखवायचं."

"अन् मी कोन मंग?"

"सवारी."

मामाजींनी ते थोडा वेळ चघळलं. "चहा तं पिऊ देशीन का सवारीले?"

"चहा पिजा."

महागावच्या अलीकडे पुढे एक कापसाचा ट्रक आला. डुलत, रस्ता अडवून. मी त्याच्या मागे वेग कमी केला. मामाजींनी सीटबेल्ट ओढून घेतला, डोकं जरा बाहेर काढून समोरचा रस्ता पाहिला आणि आत वळून म्हणाले, "याच्या मागं कायले राह्यतं? रस्ता मोकळा हाय. काढ पुढं."

मी काढली.